खान्देशातून दोन दिवसांची मुंबई, कमी खर्चात: आधी काय ठरवायचं, मग काय

मुंबईला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी जागांची यादी होते. गेटवे पाहिजे, राणीची बाग पाहिजे, आईला सिद्धिविनायक, पोरांना जुहू, मामेभाऊ म्हणतो हाजी अली राहू देऊ नका, आणि मग ही पंधरा नावांची यादी घेऊन लोक शुक्रवारी रात्री गाडीत बसतात, तेही परतीचं तिकीट वेटिंगवर ठेवून. शनिवारी सकाळी दादरला उतरून जुहू, तिथून गेटवे, तिथून परत बोरिवलीला आत्याकडे झोपायला. दोन दिवसांतला निम्मा वेळ लोकल आणि टॅक्सीत जातो, पैसे त्याहून जास्त जातात, आणि घरी आल्यावर म्हणतात मुंबई फार महाग.

महाग आहेच, पण तिथं बघण्यासारखं बरंचसं फुकट नाहीतर शंभराच्या आत आहे. खर्च होतो तो चुकीच्या क्रमामुळे. मुंबई दक्षिण-उत्तर लांबच लांब पसरलेली आहे, तिच्यात वर-खाली हेलपाटे घातले की खिसा रिकामा. म्हणून क्रम असा: तारीख, परतीचं तिकीट, जायचं तिकीट, झोपायची जागा, मग शहराचा भाग, आणि सगळ्यात शेवटी यादी. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, कुठूनही निघा, क्रम हाच.

टप्पा १: तारीख

जून ते सप्टेंबर टाळा. पावसात मुंबई छान दिसते हे खरं, पण समुद्र खवळला की गेटवेच्या बोटी बंद होतात, लोकल रखडते, आणि दोनच दिवस हातात असताना एक दिवस लॉजच्या खिडकीत बसून घालवणं परवडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडं ४५ डिग्रीत फिरणारा माणूस मुंबईच्या ३३-३४ डिग्रीत गळून जातो, कारण तिथला घाम वाळतच नाही. मे महिन्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काहीच ठेवू नका.

काही तारखा बघून सोडा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला अभिवादनाला लाखो लोक येतात, दर्शनालाच जायचं असेल तर जरूर जा, पण त्यात पर्यटन मिसळू नका, गाड्या आणि दादर दोन्ही भरलेले असतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर बंद. गणपतीचे दिवस आणि ३१ डिसेंबर, यावर वेगळं सांगायला नको.

टप्पा २: परतीचं तिकीट आधी, जायचं नंतर

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. जायचं तिकीट मिळालं की खूश, येताना बघू म्हणतात. रविवारी रात्री मुंबईहून आपल्याकडं येणाऱ्या गाड्यांना सगळं खान्देश आणि विदर्भ बसायला उभं असतं. आधी रविवारची परत गाडी कन्फर्म होतेय का बघा, होत असेल तरच शुक्रवारचं काढा.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. मुख्य लाईनवरच्यांसाठी, म्हणजे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, अमरावती-मुंबई एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी सगळ्यात फायद्याची, झोपून जायचं आणि सकाळी मुंबईत, एका रात्रीचं लॉज वाचलं. जळगावहून स्लीपरला तीनशेच्या आगेमागे लागतात, थर्ड एसीला त्याच्या साधारण अडीचपट. चार माणसं असतील तर हा फरक म्हणजे मुंबईतलं दोन दिवसांचं खाणं. हिवाळ्यात तरी स्लीपरच घ्या.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांना सुरतवरून पश्चिम रेल्वेनं जाता येतं. त्यात गाडी नेमकी कुठं संपते ते तिकिटावर वाचा. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन एक नाही, सामान घेऊन चालावं लागतं. तसंच मध्य रेल्वेवर काही गाड्या सीएसएमटीला न जाता लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, ते कुर्ल्याजवळ आहे, तिथून पुढं हार्बरचं टिळकनगर स्टेशन जवळ पडतं.

धुळेकरांनी एक हिशेब करून बघावा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढं फुकट. घरात आई, आजी, बायको, मुलगी असा गोतावळा असेल तर आग्रा रोडनं थेट एसटी चाळीसगावला जाऊन रेल्वे पकडण्यापेक्षा सोपी पडते आणि फारशी महागही नाही. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, अजून पुष्कळ लोक ती धरून हिशेब करतात. पोरांचं पण बघा: ५ वर्षांच्या आत तिकीट नाही, ५ ते १२ मध्ये बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ पाहिजे तर पूर्ण.

> सावध: रात्री बाराच्या आसपासच्या गाडीची तारीख. भुसावळला रात्री अकराला असलेली गाडी चाळीसगावला पोचेस्तोवर तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री घरातून निघून १२.२० ला गाडीत बसणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. शुक्रवारचं काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते आणि टीसी काही ऐकत नाही.

तत्काळच्या भरवशावर राहणार असाल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच व्हेरिफाय करा, १ जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाईन तत्काळ निघत नाही. एसीचं सकाळी १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला, गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. आणि ऑनलाईन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन स्लीपरमध्ये चढलात तर तुम्ही विनातिकीटच.

इथं थांबून तपासा: दोन्ही तिकिटं कन्फर्म किंवा निदान आरएसी आहेत का? नसतील तर पुढचा टप्पा वाचू नका, तारीख बदला. लॉजचे पैसे भरून मग तिकिटाची वाट बघणं म्हणजे घोड्याच्या आधी टांगा.

टप्पा ३: झोपायचं कुठं

एकच रात्र झोपायचंय, शनिवारची. तरी यावरच सगळ्यात जास्त चर्चा होते, होऊ द्या, कारण पुढचे दोन दिवस यावर ठरतात.

नातेवाईक. आपल्या प्रत्येकाचं कुणीतरी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, नाहीतर नवी मुंबईत आहेच. फुकट पडतं, पोरांना खेळायला भावंडं मिळतात. पण डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे जलद लोकलनं सुद्धा तासभर, वर स्टेशनपर्यंतचं रिक्षाचं वेगळं. रोज जाऊन-येऊन तीन तास गेले. आणि पाहुणे म्हणून गेलं की शनिवारी सकाळी नाश्ता झाल्याशिवाय काकू सोडत नाही, तिथंच अकरा वाजतात. त्यातला मार्ग असा, शनिवारी सकाळी आधी त्यांच्याकडं जायचंच नाही. थेट मुंबईत उतरा, दिवसभर फिरा, रात्री जेवायला आणि झोपायला त्यांच्याकडं जा. फोनवर आधी सांगून ठेवा म्हणजे रुसवा नाही. सोबत भरताची वांगी, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स न्या, सगळं माफ होतं.

लॉज. गेटवे-कुलाब्याच्या बाजूला बघूच नका, तिथं स्वस्त म्हणून मिळतं ते फोटोत बरं असतं. दादर मध्यभागी आहे, मध्य आणि पश्चिम दोन्ही लोकल तिथं मिळतात, त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी फायद्याचं. चौघांची साधी खोली शनिवारी अडीच-तीन हजार धरा.

डॉर्मिटरी, रिटायरिंग रूम. सीएसएमटीला रेल्वेचीच सोय आहे, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साईटवरून बुक होते. लवकर भरते, तिकीट निघाल्या दिवशीच बघा. एकटे किंवा मित्र-मित्र असाल तर यासारखं दुसरं काही नाही. मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटीला पॉड हॉटेल पण आहेत, म्हणजे एका माणसापुरतं कप्प्यासारखं झोपायचं, आई-बाबांना घेऊन नको.

लॉज बुक करताना फोनवर एकच प्रश्न विचारा: चेक-इन दुपारी १२ चं आहे की २४ तासांचं? बाराचं असेल तर सकाळी साडेसहाला पोचल्यावर सहा तास खोली मिळणार नाही, किंवा अर्धा दिवस जास्तीचा लावतील. चोवीस तासांचं असेल तर उलटा घोळ होतो, सकाळी सातला आत गेलात की रविवारी सातला बाहेर. दोन्हीत उपाय एकच, सामान क्लोकरूमला टाकून दिवसभर फिरा आणि खोलीत दुपारनंतर जा.

टप्पा ४: दोन दिवस, दोन भाग, बस्स

आता यादी काढा आणि तिच्यावर काट मारा. नियम साधा आहे, एका दिवशी एकच पट्टा.

पहिला पट्टा: सीएसएमटी, काळा घोडा, गेटवे, मरीन ड्राईव्ह, गिरगाव चौपाटी. जवळजवळ सगळं चालत.
दुसरा पट्टा: भायखळा आणि दादर, म्हणजे राणीची बाग, भाऊ दाजी लाड संग्रहालय, शिवाजी पार्क, चैत्यभूमी, सिद्धिविनायक.
तिसरा: महालक्ष्मी, हाजी अली, वरळी.
चौथा: वांद्रे, जुहू.
पाचवा: बोरिवलीचं नॅशनल पार्क, कान्हेरी, गोराईचा पॅगोडा.

दोन दिवसांत यातले दोन होतात, तब्येतीनं केले तर. पहिला ठेवाच. दुसऱ्या दिवशी दुसरा किंवा तिसरा. चौथा आणि पाचवा या खेपेला सोडा. पोरं जुहूसाठी रडतील, त्यांना गिरगाव चौपाटी दाखवा, समुद्र तोच आहे. रविवारी संध्याकाळी जुहूच्या वाळूत असणं आणि आठ वाजता सीएसएमटीला गाडीत असणं हे एकत्र जमत नाही, दोन तास हाताशी ठेवून निघालात तरी जीव टांगणीला लागतो.

घारापुरीचं म्हणजे एलिफंटाचं काय करायचं? माझं मत ऐका, लेणी बघायला म्हणून जात असाल तर आपल्याला अजिंठा उशाशी आहे, जळगावहून दीड-दोन तासांत पोचतो, त्याच्यासाठी मुंबईतला अर्धा दिवस कशाला घालवायचा. पण बोटीत बसायचं म्हणून जात असाल तर ते वेगळं, ज्यानं तापी-गिरणाच पाहिली त्याला तासभर समुद्रातून जाण्याचं अप्रूप असतंच, आणि ते असावं. जायचं तर सकाळी नऊच्या पहिल्या बोटींमध्ये. जायला तास, यायला तास, वर सव्वाशेक पायऱ्या आणि लेणी, म्हणजे दुपारचे दोन होतात. बोटीचं जाऊन-येऊन माणशी तीनशेच्या आसपास, लेण्यांचं ४० रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट. सोमवारी बंद. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, फोटोत बरं दिसत नाही म्हणून काढून ठेवू नका. वरती माकडं हातातली पिशवी ओढतात. नुसतीच बोट पाहिजे तर गेटवेवरूनच अर्ध्या तासाची बंदरातली फेरी असते, तेवढ्यात भागतं.

> सावध: मरीन ड्राईव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं म्हणून लोक अजून पोरांना घेऊन जातात.

बंद वारांचा पण विचार करा. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड बुधवारी बंद, ते आपल्याला आड येत नाही. पण खरेदी येते. क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केट रविवारी बंद असतात, त्यामुळे लग्नाचे कपडे नाहीतर घाऊक काही बघायचं असेल तर ते शनिवारीच. रविवारसाठी कुलाबा कॉजवे किंवा दादर.

टप्पा ५: लोकल, बस, टॅक्सी, कधी काय

लोकल सगळ्यात स्वस्त. साधं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत सुद्धा पंधराच. टुरिस्ट तिकीट म्हणून एक, तीन, पाच दिवसांचं मिळतं, तिन्ही लाईनवर कितीही फिरा. ऐकायला भारी वाटतं, पण दादरला राहून दिवसात दोन-तीनदाच लोकल लागणार असेल तर सुटं तिकीटच स्वस्त पडतं. रांगेत उभं राहायचं नसेल तर पास घ्या, पैसे वाचवायला नको. फोनवर रेलवन ॲपवरून पण तिकीट निघतं, मात्र लोकलमध्ये बसल्यावर काढू म्हणाल तर निघणार नाही, चढायच्या आधी.

बाकी चुका ठरलेल्या:

- फर्स्ट क्लासचा डबा रिकामा दिसला म्हणून चढणं. सेकंडचं तिकीट घेऊन तिथं सापडलात की तिकिटाच्या फरकावर निदान २५० रुपये दंड. एसी लोकलला पण साधं तिकीट चालत नाही.
- इंडिकेटरवर नुसतं नाव वाचणं. जलद आहे की धिमी ते वाचा, जलद गाडी तुमच्या स्टेशनला थांबतच नसेल. भायखळ्याला जाताना विशेष.
- सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडं आणि संध्याकाळी सहा ते नऊ उलट्या दिशेनं कुटुंब घेऊन निघणं. शनिवारी जरा कमी, तरी बऱ्यापैकी असतं.
- बायका लेडीज डब्यात, पुरुष दुसरीकडं, आणि कुठं उतरायचं हे फक्त एकालाच माहीत. चढायच्या आधी सगळ्यांना स्टेशनचं नाव पाठ करवा, पोरांना सुद्धा. कुणी मागं राहिलं तर नियम हा: राहिलेल्यानं तिथंच इंडिकेटरखाली थांबायचं, पुढं गेलेल्यानं पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तासभर गेलाच.

रविवारचा मेगाब्लॉक हा तर आपल्या लोकांना माहीतच नसतो. जवळपास दर रविवारी रुळांच्या कामासाठी साधारण ११ ते ४ कुठल्या ना कुठल्या मार्गावर गाड्या कमी होतात किंवा धिम्या गाड्या जलद रुळांवरून जातात आणि मधली स्टेशनं गाळतात. शुक्रवार-शनिवारच्या बातम्यांत नेमका कुठं ते येतं. रविवारी सकाळी निघण्याआधी बघा, आणि त्या वेळात लांबचा लोकल प्रवास ठेवूच नका.

बेस्ट बस साधी १० रुपयांपासून, एसी १२ पासून. सुटे ठेवा. गेटवेहून परत सीएसएमटी किंवा चर्चगेटला यायला बसच घ्या. मेट्रोची नवी भुयारी लाईन, आरे ते कफ परेड, पर्यटकांच्या फार कामाची आहे, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर अशी स्टेशनं तिच्यावरच आहेत. लोकलपेक्षा महाग, १० ते ७० रुपये, पण आजी सोबत असेल आणि मेगाब्लॉक असेल तर तेवढे द्यावेत. तिकीट वर असतानाच काढा, खाली नेटचं काही सांगता येत नाही.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडं येतच नाहीत. दादरला उतरून रिक्षा शोधत बसू नका. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं ३१ रुपयांपासून, चौघं असाल आणि अंतर दोन किलोमीटरच्या आत असेल तर बसच्या तिकिटांच्या आसपासच पडते. मीटर टाकायला सांगा, "किती घेणार" असं विचारलं की तुम्ही नवखे आहात हे त्याला कळलंच.

टप्पा ६: सामान, डबा, आणि हिशेब

माणशी एक पाठीवरची बॅग. चाकांची मोठी बॅग लोकलच्या जिन्यांवर छळते. क्लोकरूमला बॅग कुलूपबंद असल्याशिवाय घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट मागतात, म्हणून छोटी कुलपं घरूनच न्या, स्टेशनबाहेर त्याचेच दुप्पट घेतात. सुती कपडे, जुने झालेले चप्पल-बूट, नवे अजिबात नको. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं.

डब्याला लाजू नका भो. शुक्रवार रात्र आणि शनिवार सकाळ या दोन वेळा घरच्याच निघाल्या पाहिजेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोरडं काहीतरी, बिबडे. पातळ भाजी आणि शेव वेगळी नेऊन गाडीत शेवभाजी जमवायचे प्रयोग नको, चादरीला रस्सा लागतोच. मुंबईत दुपारी वडापाव-मिसळ, रात्री एकदा व्यवस्थित थाळी. दादरला आस्वाद, प्रकाश अशी मराठी खाण्याची ठिकाणं आहेत, गर्दी असते, साडेबाराच्या आत जा. चौपाटीवर भेळ घेताना आधी दर विचारा, प्लेट हातात आल्यावर नाही.

चौघांचं कुटुंब, स्लीपर, दादरला एक रात्र, असं धरलं तर माणशी अंदाज: गाडी दोन्ही वेळा ६००, खोली ७००, शहरातलं फिरणं २५०, खाणं ७००, प्रवेश तिकिटं २५०, वरखर्च २००. सत्तावीसशे झाले. घारापुरी केलं तर तीन हजारांवर. नातेवाईकांकडं झोपलात तर दोन हजारांत बसतं. यापेक्षा जास्त जात असेल तर बहुतेक टॅक्सी नाहीतर खरेदी, दोन्हीतलं एक आहे.

टप्पा ७: शनिवार

सकाळी सीएसएमटीला उतरा, दादरला नाही, लॉज दादरला असलं तरी. वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, डबा खा, सामान क्लोकरूमला. बोट करायची तर इथून बस पकडून थेट गेटवे. नसेल करायची तर चालत निघा: स्टेशनच्या इमारतीचे फोटो समोरच्या बाजूनं, मग हुतात्मा चौक, काळा घोडा. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, माणशी दीडशेच्या आसपास, दोन तास सहज जातात. पैसे वाचवायचे असतील तर शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, अकराला उघडते. तिथून गेटवे दहा मिनिटं.

दुपार सावलीत काढायची, म्हणजे संग्रहालय दुपारी आणि गेटवे सकाळी असंही उलटवा, मे महिन्यात तर उलटवाच. चारनंतर चर्चगेटकडून मरीन ड्राईव्हला या. नरिमन पॉईंट ते चौपाटी साडेतीन किलोमीटर आहे, पोरं अर्ध्यात बसतात, बसू द्या, कठडा त्यासाठीच आहे. भरतीच्या वेळी लाटा उंच असतील तर पुढच्या दगडांवर उतरू नका. अंधार पडेपर्यंत चौपाटी. पाय शाबूत असतील तर मलबार हिलवर कमला नेहरू पार्क, म्हातारीचा बूट तिथंच. त्याच्याजवळ झाडांमधून जाणारा लाकडी मार्ग झालाय, २५ रुपये, पण वेळ ऑनलाईन आधी बुक करावी लागते, शनिवार-रविवार लवकर भरतं.

परतताना चर्नी रोडहून लोकल घेऊन थेट दादरला गेलात आणि सामान सीएसएमटीलाच राहिलं, असं होऊ देऊ नका. रात्रीचे कपडे छोट्या पिशवीत सोबतच ठेवा आणि मोठं सामान रविवार संध्याकाळपर्यंत क्लोकरूमलाच राहू द्या, गाडी तिथूनच पकडायचीय. दुसऱ्या दिवसाचं भाडं किरकोळ असतं.

टप्पा ८: रविवार आणि परत

सिद्धिविनायक करायचं तर सकाळी लवकर, सातच्या आत. अंगभर कपडे घाला, तोकडे कपडे असतील तर आत सोडत नाहीत. मग भायखळा पूर्व. राणीची बाग साडेनऊला उघडते, मोठ्यांना ५०, लहानांना २५, आईबाप आणि दोन पोरं मिळून १००. आत गेल्यावर आधी पेंग्विन, कारण अकरानंतर त्याचीच रांग बागेभर फिरते. मग वाघ-बिबटे वगैरे. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात आहे, दहा रुपयांत, ते सोडू नका.

महालक्ष्मी-हाजी अली निवडलं असेल तर आधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघा. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा थांबावं लागतं, आणि थांबणं रविवारी परवडत नाही.

दुपारी तीनला तपासा: पीएनआर, गाडी वेळेवर आहे का, प्लॅटफॉर्म. फोन चार्ज. मेगाब्लॉक कुठं आहे. गाडी आठची असेल तर सहाला सीएसएमटीला, साडेसहाला सामान ताब्यात. दादर, ठाणे, कल्याणला पण गाडी थांबते, पण तिथं दोन-चार मिनिटांत पोरं-सामान चढवणं अवघड जातं. तरी तिथूनच बसायचं असेल तर बोर्डिंग स्टेशन आदल्या दिवसापर्यंत ऑनलाईन बदलून घ्या, नाहीतर सीट दुसऱ्याला देऊन टाकायचा टीसीला अधिकार आहे.

आठच्या सुमारास सुटणारी गाडी जळगावला मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास येते, चाळीसगावला त्याच्याही आधी. दोन दिवस चालून थकलेला माणूस झोपला की थेट अकोल्याला उठतो. १३९ ला फोन करून पीएनआर सांगितला की स्टेशन यायच्या आधी उठवणारा कॉल लावून घेता येतो, तो लावा, शिवाय मोबाईलचा गजर दोन जणांच्या फोनवर. आणि त्या वेळेला स्टेशनबाहेर रिक्षावाले मनाला येईल ते सांगतात, ओळखीच्या रिक्षावाल्याला शुक्रवारी जातानाच बोलून ठेवा.